अरुंद तोंडाचं पिंप

“झाकण कुणी उघडलं होतं?” पर्सीने विचारलं.

एनिड दारातच उभी होती. कोठीच्या खोलीत पर्सी गुडघे टेकून पिंपापुढे बसला होता. झाकणाभोवती त्याने साबणाचा फेस फासला होता आणि त्या फेसातून एकामागून एक बुडबुडे वर येत होते. त्याने पिंपाच्या कडेला अंगठा दाबून पाहिला. प्लास्टिक पार मऊ पडलं होतं.

“गॅस गेला सगळा. अगं, बियर अशी उघडून बघतात का? सिरिल असता तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं.”

“सिरिल असता तर मी कशाला उघडलं असतं?”

 पर्सी उगाचच झाकण पुसत बसला.

सिरिलने, एनिडच्या नवऱ्याने, घरी केलेली बियर पिंपात भरली, साखर घातली, झाकण लावलं आणि पुढच्याच आठवड्यात सकाळचा चहा पिता पिता तो गेला. जन्मभर गावची बस चालवलेला माणूस. जाताना मात्र घाईत गेला. अंत्यविधी येत्या शुक्रवारी होता. एनिडने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की स्मशानातून परत आलात की घरी या, सिरिलची बियर आहे. पर्सीसकट घरी बियर बनवणाऱ्यांच्या क्लबातल्या मंडळींना तेवढ्याचंच अप्रूप होतं. सँडविच काय, कुणाच्याही मयताला मिळतात.

आणि काल दुपारी तिने झाकण उघडलं होतं. तिला फक्त वास घ्यायचा होता. नवरा गेला, पण त्याच्या हातचं काहीतरी त्या खोलीत अजून जिवंत होतं, आणि तिला राहवलं नाही. फुस्स आवाज झाला, वास आला, ती तिथेच बसून रडली. मग घाबरून तिने झाकण जीव खाऊन आवळलं.

“इथंच घोटाळा झाला,” पर्सी म्हणाला. त्याने आतली रबरी चकती काढून दाखवली. ती एका जागी मुरगळली होती. “झाकण हातानं लावायचं, नुसतं बसेपर्यंत. जास्त आवळलं की रबर सरकतं. सगळे हेच करतात, मीसुद्धा केलंय.”

“मग आता फेकून द्यायची का?”

“वेडी का काय तू? बियरला काही झालेलं नाही. तिचा दम गेलाय, तो परत येईल. साखर आण, पाणी उकळ.”

चकतीला बोटाने व्हॅसलीनचा पातळ हात फिरवून पर्सीने ती नीट बसवली. साखरेचं पाणी निवल्यावर आत ओतलं. मग दोघांनी मिळून पिंप उचलून स्वयंपाकघरातल्या उबेत आणून ठेवलं. पर्सीची कंबर धरली, तेव्हा त्याची बडबड सुरू झाली.

“तरी मी त्याला दुकानात सांगत होतो, माझ्यासारखं रुंद तोंडाचं घे म्हणून. आख्खा दंड आत जातो, घासायला बरं. पण नाही! म्हणे, तोंड जेवढं मोठं तेवढं गळतं.”

“तुझं गळतंच की.”

“गळतं,” पर्सीने कबूल केलं. “आणि ह्याची बियर कधी आंबली नाही. कसं काय जमायचं लेकाला, देव जाणे. विचारलं की म्हणायचा, स्वच्छता, बाबांनो, स्वच्छता!”

एनिड नुसतं हसली. सिरिलची ही वाक्यं तिने क्लबात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून कितीदा ऐकली होती. तिला त्यात कधी काही खुपलं नव्हतं.

पुढचे दिवस ती येता-जाता पिंपाला अंगठा लावून बघायची. दूधवाल्याला पैसे देताना, फोन वाजला म्हणून धावताना, पादरी येऊन बसले होते तेव्हासुद्धा चहा आणायच्या निमित्ताने उठून. प्लास्टिक मऊ ते मऊच. अंत्यविधीला कुठला काळा कोट घालायचा याची तिला फिकीर नव्हती. आपण त्याची शेवटची बियर नासवली, एवढंच डोक्यात होतं. बुधवारी सकाळी अंगठा लावला तर तो आत जाईना. पिंप टणक झालं होतं. तिने पर्सीला फोन केला आणि नाव न सांगताच म्हणाली, “फुगलं रे!”

“थंड जागी ने आता,” पर्सी म्हणाला. “आणि हात लावशील तर बघ!”

शुक्रवारी सगळं रीतसर पार पडलं. घर माणसांनी भरलं. पर्सीने तोटी फिरवली, पहिला ग्लास निम्मा फेसानेच भरला आणि क्लबातले म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे ओरडले. कुणी म्हणालं, “ही सिरिलचीच!” कुणी म्हणालं, “असा हात पुन्हा होणे नाही.” एनिड हॅमची सँडविच फिरवत होती. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं तिला वाटलं, आणि ते उतरल्यावर मग खरं दुःख आलं. ती थोडा वेळ कोठीच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

संध्याकाळपर्यंत तोटीतून गढूळ यायला लागलं. लोक गेले. पर्सी तेवढा मागे राहिला.

“एनिड, रागावू नकोस. हे पिंप तुझ्या काय कामाचं? मी नेऊ का?”

“हात आत जातो का बघ.”

पर्सीने बाही वर केली. बोटं गेली, पेरं गेली, तळव्यापाशी हात अडकला. त्याने अंगठा मुडपून पाहिला, हात तिरपा करून पाहिला.

“च्यायला! आणि सिरिलचा पंजा तर माझ्या दीडपट. तो कसा धुवायचा मग?”

“तो कुठं धुवायचा?” एनिड म्हणाली. “तो इथं उभा राहायचा.”

पर्सीने हात बाहेर काढला. 

“आण इकडे. गाळ वाळला की वास धरतो,” एनिड म्हणाली.

तिने पिंप मोरीत आडवं केलं. घासणी बाजूला सारली आणि मऊ फडकं घेतलं, कारण चरे पडले की त्यात घाण बसते. मग बोटाला साबण लावून लग्नाची अंगठी हळूहळू सोडवली आणि मागे न बघताच अंगठी घेतलेला हात शेजारी पुढे केला. सिरिल ती घ्यायचा, आपल्या करंगळीच्या टोकावर अडकवायचा आणि पिंप धुऊन होईपर्यंत तसाच उभा राहायचा.

पर्सी दारात होता. त्याने हात पुढे केला नाही.

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं. तिने अंगठी नळाच्या चावीवर अडकवली आणि हात पिंपात घातला.