खालच्या खोलीचा विमा

शनिवारी सकाळी ऱ्होंडा व्हेला टोस्टची बशी घेऊन सासूच्या खोलीत उतरली आणि गालिच्यावर पाय ठेवताच तिच्या सपातेभोवती पाणी वर आलं. भिंतीचा खालचा हातभर भाग फुगून काळा पडला होता. तिची सासू कार्मेना, वय वर्षं ब्याऐंशी, पलंगावर बूट घालून बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती. पाण्याची आणि आपली जणू ओळखच नाही.

ऱ्होंडानं विचारलं, "मा, हे कधीपासून?"

"काल," कार्मेना म्हणाली. "जॅम विसरलीस."

व्हेलांचं घर ऑस्ट्रेलियातल्या मकाय गावच्या जुन्या घरांसारखं उंच खांबांवर उभं. चौदा पायऱ्या चढणं आईच्या गुडघ्यांना जमेना, तेव्हा सॅव्हनं, म्हणजे ऱ्होंडाच्या नवऱ्यानं, खांबांमधली जागा बंद करून तिला ही खोली काढून दिली. खोली चांगली झाली, फक्त छत नियमापेक्षा वीतभर खाली आलं. एवढ्या उंचीच्या खोलीत गवत कापायचं यंत्र राहिलेलं नगरपालिकेला चालतं, माणूस चालत नाही. म्हणून विम्याच्या कागदावर तिथे 'धुण्याची जागा आणि अडगळ' असं लिहिलेलं होतं. त्या अडगळीत गेली पाच वर्षं एक म्हातारी दिवसातून तीनदा जपमाळ ओढत होती, हे कंपनीला कोण सांगणार?

प्लंबर आला, त्यानं भिंत फोडली. वरच्या न्हाणीचा पाइप आतल्या आत चिरला होता. पाइप अचानक फुटला असेल तर भरपाई मिळते, महिनोन्महिने झिरपत असेल तर मिळत नाही, एवढं त्यानं सांगितलं. मग हा फुटला की झिरपला, असं ऱ्होंडानं विचारलं. तो म्हणाला, चिरेवर तारीख लिहिलेली नसते बाई, तुम्हाला पाणी पहिल्यांदा कधी दिसलं ते तुम्हीच सांगायचं. आणि तो गेला. लोक अक्कल देऊन जातात, उत्तर देत नाहीत, हे ऱ्होंडाला त्या दिवशी तीनदा कळलं.

दुसऱ्यांदा कळवलं ते शेजारच्या ग्लेनिसनं. वीस वर्षं हप्ते काय शोभेला भरलेत, बेधडक मागा, असं तिचं म्हणणं. चहा संपेपर्यंत तिचंच मत फिरलं. एकदा भरपाई मागितली की पुढच्या वर्षी हप्ता चढतो, शिवाय कंपनीचा माणूस घर बघायला येतो, तेव्हा नकोच ते.

तिसरा सॅव्ह. भिंत, जमीन, गालिचा सगळं नव्यानं करायचं तर खर्च त्यांना झेपणारा नव्हता, म्हणून त्याला भरपाई हवीच होती. पण कंपनीचा माणूस आला की त्याला पलंग दिसणार, पलंग दिसला की तो छत मोजणार, आणि मग त्या खोलीत आईला राहता येणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दुपारच्या जेवणापर्यंत सॅव्हनं त्यावरही तोड काढली.

"आईला पंधरा दिवस टेसीमावशीकडे ठेवू," तो म्हणाला. "पलंग ग्लेनिसच्या शेडमध्ये. खोलीत यंत्र नि रंगाचे डबे. तो माणूस बघून जाईल, मग सगळं होतं तसं."

टेसीमावशी म्हणजे कार्मेनाची बहीण, आणि टेसीमावशीकडे म्हणजे वृद्धाश्रमात. तिलाही घराची न्हाणी दुरुस्त होईपर्यंत, पंधरा दिवसांसाठीच नेलं होतं. त्याला आता चार वर्षं झाली. ऱ्होंडानं हे बोलून दाखवलं.

"मी काय मावशीच्या पोरांसारखा आहे?" सॅव्ह म्हणाला.

ऱ्होंडानं नवऱ्याकडे नीट पाहिलं. तसा तो नव्हता. पण मावशीची पोरं तरी कुठे तशी होती? चांगली, हसतमुख पोरं. ऱ्होंडाच्या डोक्यात आणखी एक गाठ बसली.

रविवारी गालिचा गुंडाळायचा म्हणून तिनं सासूला खुर्चीत बसवलं आणि पलंग बाजूला ओढला. गालिच्यावर पलंगाच्या पायांचे खड्डे होते. चार असायला हवेत, पण इथे भिंतीपासून खिडकीपर्यंत रांगच लागली होती, दर वीतभर अंतरावर एक. तिला आधी काही उमगेना. मग उमगलं आणि ती ओल्या गालिच्यावरच बसली. पाणी भिंतीकडून पुढे येत होतं, तशी ही बाई पलंग मागे मागे ढकलत होती.

"मा, काल नाही ना?"

कार्मेनाची बोटं माळेवर फिरत राहिली. "ईस्टरपासून," ती अखेर म्हणाली.

ईस्टर एप्रिलात होऊन गेला. आता ऑगस्ट चालू होता.

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू कुणाला तरी बोलावलं असतंस. येणारा आधी पाण्याकडे बघतो, मग वर बघतो." तिनं छताकडे बोट केलं. "ओल सोसते, पोरी. टेसीकडे रात्रीचं जेवण दुपारी साडेचारला वाढतात."

ऱ्होंडाला आधी सासूचा राग आला, मग स्वतःचा. शनिवारपर्यंत दारापाशी गालिचा कोरडा होता आणि भिंतीचा खालचा भाग पलंगाआड होता हे खरं, पण दिवसातून तीनदा खाली येणाऱ्या बाईला वास येऊ नये? आला होता. साखर कारखान्याचा असेल म्हणून तिनं खिडकी लावून घेतली होती.

सॅव्हला तिनं सगळं सांगितलं. त्यानं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाला, "पण आपल्याला शनिवारीच दिसलं ना? शनिवार सांग. खोटं काय आहे त्यात?"

खोटं नव्हतंच. म्हणून तर तिचं डोकं चालेना. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं म्हणतात. पण मन तरी एका जागी असायला हवं.

सोमवारी सॅव्ह कारखान्यात कामाला निघून गेला आणि फोनचं काम ऱ्होंडाच्या गळ्यात पडलं. कंपनीची मुलगी गोड बोलत होती. नाव, पत्ता, पाइप कुठला, सगळं विचारून झालं.

"आणि खालच्या मजल्यावर कुणी राहतं का?"

तेवढ्यात मागच्या जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल, मग मोठी विश्रांती, मग दुसरं. ऱ्होंडा फोन कानाला लावूनच दारात गेली. शेवटच्या पायरीवर कार्मेना उभी होती. दोन वर्षांत ती एकदाही वर आली नव्हती. अंगात चर्चला जायचा निळा झगा, एक हात कठड्यावर, दुसऱ्यात छोटी बॅग, बॅगेतून डोकावणारा खोलीतल्या भिंतीवरचा क्रूस, चेहरा लालबुंद.

"तिला सांग, खाली कुणी राहत नाही," दम गोळा करत ती म्हणाली. "खोटं नाही बोलावं लागणार तुला. मी निघाले."

"कुठे?"

"टेसीकडे. तुमची जमीन फळ्यांची आहे, ऱ्होंडा. खाली सगळं ऐकू येतं. माझ्यापायी दोन दिवस भांडताय."

ऱ्होंडाच्या डोक्यातला गुंता सुटला होता असं मुळीच नव्हे. भिंतीचे पैसे कुठून आणायचे, ठाऊक नव्हतं. वरच्या शिवणाच्या खोलीत पलंग मावेल का, ठाऊक नव्हतं. आज वर चढलेली ही बाई रविवारी चर्चला जायला खाली कशी उतरणार, तेही ठाऊक नव्हतं.

"हॅलो?" फोनवरची मुलगी म्हणाली. "खाली कुणी राहतं का?"

"राहत होतं," ऱ्होंडा म्हणाली. "आता वर राहतं."

"बरं. पाणी पहिल्यांदा कधी दिसलं?"

शनिवार म्हणता आलं असतं, पण मग ईस्टरपासून ओल सोसणारी बाई कागदावर पुन्हा अडगळच ठरली असती. "ईस्टरला," ऱ्होंडा म्हणाली.

मुलगी हळू आवाजात म्हणाली की असं असेल तर दावा बहुतेक मंजूर होणार नाही, तरी नोंदवून ठेवू का? ऱ्होंडानं नको म्हटलं, आभार मानले आणि फोन ठेवला.

"वेड लागलंय तुला," कार्मेना म्हणाली. "सॅव्ह घर डोक्यावर घेईल."

"घेऊ दे. बॅग आणा इकडे."

कार्मेनानं बॅग दिली नाही. भिंतीला धरत धरत ती शिवणाच्या खोलीपर्यंत गेली आणि दारातून आत डोकावली. शिवणयंत्र, कापडांचे गठ्ठे, इस्त्रीचं टेबल.

"किती दिवसांसाठी?" तिनं पाठमोरीच विचारलं.

ऱ्होंडा स्वयंपाकघरात गेली आणि खणातून हातोडी आणि एक लांब खिळा घेऊन आली.

"तुमचा क्रूस कुठे लावू?"

कार्मेनानं चारी भिंती नीट बघून घेतल्या. मग खिडकीसमोरच्या भिंतीकडे बोट केलं आणि बॅग खाली ठेवली.