दुधाच्या गाडीत आधी कोण चढलं

धाकटीचं लग्न झालं तेव्हा नवऱ्याचा आवाज कसा आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि पुढची सात वर्षंही ते कळलं नाही. दोघं ज्या पंथाच्या आश्रमात राहत, तिथे बोलायला बंदी होती. बोलायचे ते फक्त पंथाचे ‘मोठे’, तेही कर्ण्यावरून, रोज तीन तास. बाकी दोनशे माणसांनी खुणांवर भागवायचं. जोड्याही मोठ्यांनीच लावून दिलेल्या.

तिथून निसटल्यावर दोघं धाकटीच्या थोरल्या बहिणीकडे आले. ताईचं फोटोंना चौकटी करून द्यायचं दुकान होतं, मागे दोन खोल्या. ताईने दार उघडलं, बहिणीला घट्ट धरलं, पोटभर रडली आणि मग मागे उभ्या माणसाकडे बघून म्हणाली, “हे कोण?”

“माझा नवरा,” धाकटी म्हणाली. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला.

“नमस्कार,” नवरा म्हणाला, आणि मग तो थांबलाच नाही.

सात वर्षांचं तुंबलेलं सगळं वाहू लागलं. धाकटीने मनात त्याला चांगला भारदस्त आवाज देऊन ठेवला होता. प्रत्यक्षात तो किनरा निघाला. दात घासताना बोले, झोपेत बोले, एकटा असला तर कपाटाशी बोले. ताईने त्याला दुकानात बसवलं. गिऱ्हाईक चौकट न्यायला येई आणि पाऊण तासाने चौकट तिथेच विसरून पळ काढी.

“जावईबापू,” ताई म्हणे, “निदान काच कापताना तरी श्वास घ्या.”

धाकटीचं उलटं. तिला ऐकायची सवय. कपडे धुण्याची मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीत तिला फोनवर तक्रारी ऐकायचं काम मिळालं. लोक तावातावाने भांडायला फोन करत. ही मध्ये अक्षर काढत नसे. दहा मिनिटांनी लोकच वरमून म्हणत, “जाऊ दे मॅडम, तशी बरी चालते मशीन.” तिसऱ्या महिन्यात तिला बढती मिळाली.

दर गुरुवारी दोघं समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे जात. बाई शांतपणे वहीत टिपून घेत. एका गुरुवारी त्यांनी सहज विचारलं, “पळून जायचं आधी कुणी ठरवलं?”

“यानं,” धाकटी म्हणाली.

“हिनं,” नवरा म्हणाला.

धाकटी त्याच्याकडे वळली.

“अरे, खूण तूच केलीस ना! फाटकाकडे बोट, मग हातांनी असं गोल, मग तोंडाकडे बोट. दुधाच्या गाडीत लप आणि आवाज करू नकोस.”

“छे! मी म्हणत होतो, दुधाचे कॅन आलेत, मला पेलाभर आण.”

“मग गाडीत का चढलास?”

“तू चढलीस म्हणून! म्हटलं, हिचं डोकं फिरलं, खाली उतरवावी. तेवढ्यात ड्रायव्हरनं दार लावलं.”

“आणि वाटभर रडत होतास, ते?”

“भीतीनं!”

“मला वाटलं, आनंदानं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. धाकटीने विचारलं, “आणि रोज जेवणाच्या रांगेत स्वतःच्या खांद्यावर दोन बोटं ठेवायचास, ते?”

“खांदा दुखायचा गं. अजून दुखतो.”

“मला वाटायचं, मी तुझ्या पाठीशी आहे म्हणतोयस.”

बाईंनी वही तोंडासमोर धरली. वही हलत होती. धाकटी मात्र हसली नाही. घरी आली आणि दोन दिवस तिने तोंड उघडलं नाही. नवऱ्याचीही बोलती बंद झाली. तो मुकाट्याने काचा कापू लागला आणि दुकानात महिन्याभराची विक्री दोन दिवसांत झाली. तरी ताईला चैन पडेना.

“गप्पच बसायचं होतं,” तिने बहिणीला झापलं, “तर तिथं काय वाईट होतं?”

तिसऱ्या सकाळी नवरा भांडी विसळत होता. धाकटी शेजारी येऊन उभी राहिली.

“सात वर्षं मी त्या दोन बोटांवर काढली,” ती म्हणाली. “आणि तो निघाला सांधेदुखीचा खांदा.”

त्याने नळ बंद केला. “दुखत होता हे खरं. पण दाखवायचो तुलाच. रांगेत दोनशे माणसं असायची.”

धाकटी म्हणाली, “मी गाडीतून उतरले असते, तर आपण तिथंच राहिलो असतो?”

“हो. माझ्यात धमक नव्हती.” एवढं बोलून तो चक्क थांबला.

“माझ्यातही नव्हती. मला वाटलं, तुझ्यात आहे.”

“मला वाटलं, तुझ्यात.”

“म्हणजे आपल्याला बाहेर काढलं कुणी?”

“ड्रायव्हरनं,” तो म्हणाला. “त्याला उशीर होत होता.”

यावर धाकटीला जे हसू फुटलं ते आवरेना. ती ओट्याला धरून खालीच बसली. ताई कामाच्या हातानेच धावत आली, तर जमिनीवर दोघंही डोळे पुसत बसलेले.

हसू ओसरल्यावर धाकटी म्हणाली, “मला ऑफिसजवळ खोली घ्यायची आहे. तोंडानं सांगतेय, नीट ऐक. यायचं असेल तर विचार करून सांग. मी चढले म्हणून चढू नकोस.”

त्याने दिवसभर विचार केला, तोही न बोलता. संध्याकाळी म्हणाला, “येतो. पण मी बोलणार.”

“जेवण झाल्यावर,” ती म्हणाली.

खोली मिळाली. खिडकीला पडदे आणायला दोघं दुकानात गेले. दुकानदाराने चाळीस नमुने उलगडले. “तू ठरव,” “नको, तूच ठरव,” करत दीड तास गेला. दुकानदार घाम पुसू लागला. मग धाकटीने एकदम निळ्यावर हात ठेवला आणि त्याच क्षणी नवऱ्याने पिवळ्यावर. दोघंही हात काढेनात.

रविवारी ताई खोली बघायला आली. एकाच खिडकीला डावा पडदा निळा, उजवा पिवळा.

“हे गं काय?”

“आम्ही ठरवलं,” धाकटी म्हणाली.

ताईने मान वाकडी करून पाहिलं. “पिवळा वीतभर तोकडा आहे.”

“असू दे,” नवरा म्हणाला, आणि तो का तोकडा पडला हे तिला अगदी सुरुवातीपासून सांगू लागला.