कोबा संपतो तिथे

बंदराला चाऱ्याचं जहाज अजून लागलं नव्हतं आणि धाकटीचा पाय काही एका जागी ठरत नव्हता. खिडकी, दार, पुन्हा खिडकी.

अभ्यासासाठी शेजारच्या बेटावर राहून तिने दोन्हीकडच्या दूधधंद्याची तुलना केली होती. तिथे गाई बारमाही कुरणात चरतात. दूध बेताचं, पण खर्चही बेताचा. इथे गाई गोठ्यातच वाढतात. दूध भरपूर, पण चारा-पेंड सगळं समुद्रापलीकडून येतं. जहाज लांबलं की बेटाच्या तोंडचं पाणी पळतं. गोठे मोडून कुरणं करायची का, हे आज संध्याकाळी दूध संघाच्या सभेत ठरणार होतं. दादा तिच्या शब्दावर मत देणार होता.

"अगं बस की! पायाला भिंगरी लागलीय का?" वहिनी म्हणाली.

"दादा, एकदा गाई बाहेर सोडून बघू या?"

"घ्या! बाईसाहेब एवढं शिकल्या, आता गाईंची मतं घेणार." दादा हसला, पण उठला.

गोठ्यामागचं रान हिरवंगार होतं. त्याने दावी सोडली, तिने फाटक उघडलं. सगळ्यांत थोराड गाय पुढे आली. वहिनी तिला सासूबाई म्हणायची. गोठ्याचा सिमेंटचा कोबा संपतो तिथे तिने गवत हुंगलं आणि ती अडून राहिली. मागच्याही खिळल्या. त्यांच्या खुरांना जन्मात माती लागली नव्हती. दादाने चुचकारलं, ढकललं. सासूबाई ढिम्म.

"झालं समाधान?" दादा घामाघूम झाला होता. "तिकडच्या चरतात, आमच्या नखरे करतात."

तिकडची वासरं आईच्या मागून चरायला शिकतात. इथे शिकवणार कोण? तिच्या तुलनेच्या एकाही तक्त्यात हा प्रश्न नव्हता.

तेवढ्यात सासूबाईच्या पोटाखालून एक कालवड निसटली. गवतात धडपडली, उठली आणि शेपूट वर करून उधळली. तिच्यामागे दुसरी.

"दादा, सरसकट हो म्हणू नकोस. आधी कालवडी बाहेर काढू. मोठ्या गाई जगतील तोवर गोठ्यातच राहू देत."

"म्हणजे अजून कितीतरी वर्षं जहाजाची वाट बघायची?"

"हो."

त्याने सुटलेली दावी गोळा केली.

"सभेत हे तूच सांग. मला शिव्या खायच्या नाहीत," तो म्हणाला. "हात मी वर करीन."

ती कालवडींमागे धावली. त्या काही हाताला लागेनात. सासूबाई कडेला उभी राहून हंबरत होती. एक खूर उचलायची, आणि परत कोब्यावरच ठेवायची.