अर्धा कीबोर्ड

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो उचगावच्या अण्णासो मास्तरांच्या घरात चांगली वीसेक वर्षं नांदत होता. एसटी स्टँडाजवळच्या आपल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मास्तरांनी किती पोरापोरींची बोटं सरळ केली याची मोजदाद नाही. कोण तलाठी झालं, कोण कोर्टात लागलं, कोण जिल्हा परिषदेतून निवृत्तसुद्धा झालं. आणि मास्तरांची सख्खी मुलगी संघप्रिया, पुण्यातल्या कंपनीचं काम घरात बसून करणारी, दिवसाचे नऊ तास कीबोर्डवर असणारी, टाइप करायची ती चार बोटांनी आणि मान खाली घालून. मास्तर पाठीमागून जाताना थांबायचे, बघायचे, "वर बघ" एवढंच म्हणायचे. ती म्हणायची, "अण्णा, काम हुतंय न्हवं?" मास्तर पुढं निघून जायचे. हा संवाद इतक्यांदा झाला होता की आई, म्हणजे सरुबाई, स्वयंपाकघरातून दोघांचीही वाक्यं आधीच म्हणून दाखवायची.

गेल्या श्रावणात मास्तरांना लकव्याचा झटका आला आणि तो संवाद बंद पडला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, आणि वाचा गेली. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं, "त्यांना सगळं कळतंय, शब्दही जागेवर आहेत. जीभ आणि ओठ ऐकत नाहीत, एवढंच." एवढंच! ज्याचं जातं त्याला कळतं. डाव्या हातानं पेन धरून बघितलं, तर कागदावर नुसते कोंबडीचे पाय उमटले. मोबाइल दिला, तर काचेवर बोट कुठं टेकलं ते बोटाला कळेना, भलतीच अक्षरं यायला लागली, आणि अण्णांनी तो पालथा घालून ठेवला. सुरुवातीला ते तोंडानं काहीतरी सांगायची धडपड करायचे. मग आई अंदाज करत बसायची, चहा पायजे? उशी? पंखा बंद करू? अण्णा चिडायचे, पुन्हा प्रयत्न करायचे. दिवाळीनंतर त्यांनी तेही सोडलं. दिवसभर खुर्चीत बसून ते समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे.

"त्यास्नी भूक लागल्याली मला कळती," आई एकदा म्हणाली, "झोप आल्याली कळती. पर मनात काय हाय ते कुटनं कळंल?"

डॉक्टरांनीही तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं. प्रयत्न सोडला तर माणूस आतल्या आत मिटत जातो. संघप्रियाला ते वाक्य कामात, जेवताना, सारखं आठवायचं.

तिच्या कंपनीतल्या एका मैत्रिणीची मनगटं दुखायची म्हणून तिनं एक वेगळाच कीबोर्ड घेतला होता. ओंजळीत मावेल एवढा, त्यात पुन्हा मधोमध दोन तुकडे केलेला. डाव्या हाताचा तुकडा डावीकडे, उजव्याचा उजवीकडे, मध्ये नुसती एक वायर. प्रत्येक तुकड्यावर एकवीस बटणं, त्यातली तीन अंगठ्याची. कुठल्या बटणानं काय करायचं ते मालकानं स्वतः ठरवायचं. मैत्रिणीनं तो व्हिडिओवर दाखवला आणि संघप्रियाला वाटलं, यातला डावा अर्धा पुरेल की! अंगठ्याचं एक बटण दाबून धरलं की त्याच बटणांवर उजव्या हाताची अक्षरं यावीत, असं करता येतं. एका हातात अख्खी बाराखडी. तिनं त्याच दिवशी बंगळूरहून सुटे भाग मागवले.

जोडकाम सयाजीचं. सयाजीचं गांधीनगरच्या रस्त्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तरुणपणी मास्तरांच्या इन्स्टिट्यूटमध्ये दोनदा नापास झालेला, आणि ते अभिमानानं सांगणारा. त्यानं काउंटरवर तीन तऱ्हेची बटणं मांडली. एक लोण्यात बोट जावं तसं गपकन आत जाणारं, एक मध्ये बारीक अडखळणारं, आणि एक ताठ, दाबलं की खट् वाजणारं.

"मऊ घालू या," संघप्रिया म्हणाली. "म्हाताऱ्या हाताला तरास नको."

"सरांच्या हाताला?" सयाजी हसला. "ताई, त्या हाताची पट्टी खाल्लीया मी. मशिनीवर लाकडी झाकण असायचं, हात त्याच्या खाली घालायचे. बटणं दिसता कामा न्हाईत. मी एकदा झाकण जरा उचलून बघाय गेलतो, तर फाटकन बसली." त्यानं उजव्या हाताची बोटं चोळून दाखवली. "आजून थंडीत ठणकत्यात."

पण पुढं तो काही बोलला नाही. शिकलेली मुलगी आहे, तिला जास्त कळत असेल, असं त्याला वाटलं असावं. शिकलेल्या माणसांबद्दल लोकांचा हा गैरसमज फार जुना आहे.

संघप्रियानं बटणांच्या टोप्याही खास छापून घेतल्या. ठळक देवनागरी, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेल अशी. डाव्या हाताची अक्षरं पांढरी, अंगठा दाबल्यावर येणारी पिवळी. तिनं आठवडाभर संध्याकाळी बसून सगळी मांडणी केली. अण्णा ज्या जुन्या मराठी मशिनीवर शिकवायचे तिचीच अक्षरं, तिच्याच जागा. उजवीकडचा सगळा चौकोन तिनं जशाच्या तसा उचलून डावीकडे आणून ठेवला. काम स्वच्छ झालं होतं आणि तिला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

रविवारी सकाळी तिनं अण्णांच्या खुर्चीपुढं टेबल लावलं, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि अर्धा कीबोर्ड त्यांच्या डाव्या हाताखाली सरकवला. अण्णांनी बोटं ठेवली. नुसती ठेवली, सवयीनं, जागच्या जागी, आणि पडद्यावर 'कककककककक' अशी रांग धावत सुटली. मऊ बटणं ती, बोटांच्या ओझ्यानंच दबली. अण्णांनी हात उचलला. मग पहिल्यांदाच त्यांनी खाली, त्या छापलेल्या अक्षरांकडे बघितलं. पांढरी, पिवळी. त्यांनी मान वर करून मुलीकडे बघितलं, आणि हात मांडीवर ठेवून दिला.

"अण्णा, वाचून वाचून दाबा की. सगळं लिवलंय त्येच्यावर."

अण्णा भिंतीकडे बघत होते.

"जरा खाली बघितलं तर काय हुतंय? एवढा कसला हट्ट?" आवाज चढला तसं तिचं तिलाच कळलं, पण तोवर शब्द सुटले होते. अण्णांनी तोंड फिरवलं. मदत करायला गेली आणि घरात पहिल्यांदा त्या आजारी माणसावर कोणी ओरडलं असेल तर तीच. तिला स्वतःची एवढी लाज वाटली की ती उठून परसात गेली आणि वाळलेलेच कपडे पुन्हा झटकत बसली.

संध्याकाळी सयाजी मुद्दाम बघायला आला. कीबोर्ड हातात घेतला आणि कपाळाला हात लावला.

"ताई, सरांच्या मशिनीवर अक्षरं? अवो, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याला खाली बघू दिलं न्हाय, त्यो सवता बघंल व्हय? वाचून दाबा म्हंजी तुमी त्यास्नी पयलीच्या वर्गात बसवलं की!"

बरोबर होतं ते. अक्षरं कुठं आहेत हे अण्णांना डोळ्यांनी माहीतच नव्हतं. ते बोटांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सयाजीनं घरी येऊन मऊ बटणं उपटून ताठ घातली आणि वर कोऱ्या काळ्या टोप्या बसवल्या. त्यानं सहज एक बटण दाबून बघितलं, खट्. भिंतीकडे बघत असलेल्या अण्णांची मान वळली. आईनं ते दारातून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. अण्णांनी आपण होऊन हात पुढं केला. बोटं ठेवली, यावेळी पडदा कोराच राहिला. मग मधलं बोट पडलं. क. अगदी स्वच्छ, एकच क.

मग अण्णांनी अंगठा दाबून धरला आणि पुन्हा तेच मधलं बोट मारलं. 'कस' झालं. त्यांनी ते खोडलं. पुन्हा अंगठा, पुन्हा मधलं बोट, पुन्हा 'कस'. तिसऱ्यांदाही तेच. अण्णांच्या कपाळाची शीर तटतटली.

"त्यास्नी काना द्यायचाय," सयाजी हळूच म्हणाला. दोनदा नापास झालेल्यालाही तेवढं आठवत होतं. "का लिवायचंय."

"पण काना त्या बोटाखाली न्हाय, शेजारच्या बोटाखाली हाय. अण्णा, शेजारचं बोट!" संघप्रियानं त्यांची करंगळीशेजारची अनामिका हळूच धरून दाखवली. अण्णांनी हात सोडवून घेतला. तीन दिवस हेच चाललं. ती जागा दाखवायची, अण्णा मान हलवायचे आणि मधलंच बोट मारायचे. चौथ्या दिवशी त्यांनी हात पुढं केला नाही. तिला वाटलं, डॉक्टर काही म्हणोत, विसरले. जे एक शिल्लक होतं तेही गेलं.

त्या संध्याकाळी रोजच्यासारखी वंदना होती. बुद्धाच्या तसबिरीपुढं आईनं मेणबत्ती आणि उदबत्ती लावली, अण्णांची खुर्ची समोर आणली. आई त्रिसरण म्हणू लागली. संघप्रिया हात जोडून उभी होती आणि तिचं लक्ष अण्णांकडे होतं.

अण्णांनी डाव्या हातानं मांडीवरचा उजवा हात उचलला. तो लुळा पंजा त्यांनी छातीशी टेकवला आणि मिटलेली बोटं एकेक करून उलगडली. अंगठ्याला अंगठा लावला. तर्जनीला तर्जनी. मग मधल्या बोटाला मधलं बोट, आणि ते पडू नये म्हणून जरा दाबून धरलं. झटका आल्यापासून ते रोज असेच हात जोडत होते आणि ती रोज बघत होती.

मधल्याला मधलं!

उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं काम अण्णा डाव्या हाताच्या मधल्या बोटाला सांगत होते. दुसरं कुणाला सांगणार? आयुष्यभर जोडीनं राबलेली बोटं ती, एक पडलं तर त्याचं काम त्याच्या जोडीदारानंच उचलायचं. आणि तिनं उजवीकडचा चौकोन सरळ उचलून आणला होता, त्यामुळं तर्जनीचं काम करंगळीकडे गेलं होतं आणि सगळ्यांची सगळी कामं भलत्याच्या गळ्यात पडली होती. चौकोन आरशात दिसतो तसा उलटा ठेवायला पाहिजे होता. अण्णा काही विसरले नव्हते. तीन दिवस ते मुलीची चूक दाखवत होते, आणि ही शहाणी त्यांचं बोट धरून त्यांनाच शिकवत होती.

तिनं वंदना पुरी केली, अण्णांच्या पायांना हात लावला, आणि जेवायच्या आधी मांडणी उलटी करून टाकली. काम दहा मिनिटांचं होतं.

सकाळी चहा झाल्यावर तिनं टेबल लावलं. अण्णांनी डाव्या हाताचं बोट उचलून कपाटाकडे केलं. तिला कळेना. टॉवेल? चष्मा? त्यांनी नको नको म्हणून मान हलवली, आणि उजव्या हाताकडे बघितलं. कपाटावर खोक्यात कीबोर्डचा उजवा अर्धा पडून होता. सयाजी तो विकून टाका म्हणाला होता.

तिनं तो काढून अण्णांच्या उजव्या हाताखाली ठेवला. अण्णांनी डाव्या हातानं उजव्याची चारही बोटं जागच्या जागी मांडली. ती काही करणार नव्हती, पण मशिनीवर बसायचं तर दोन्ही हातांनी. मग ते पाठीनं ताठ झाले, डोळे समोर लावले आणि सुरू केलं.

संघप्रिया टेबलाशी वाकली. तिची नजर त्या पाच बोटांवरून हलेना. अंगठा दाबला. मधलं बोट पडलं. सोडला. तर्जनी. पुन्हा अंगठा. कुठं अडखळतात का, कुठलं बोट चुकतंय, पुन्हा चिडले तर काय करायचं, ती जीव मुठीत धरून बघत होती. खट्. बऱ्याच वेळानं आणखी एक खट्. मग दोन लागोपाठ. मग हात थांबला.

थांबला तो थांबलाच. ती त्या हाताकडेच बघत राहिली, चल, चल अण्णा, म्हणून.

अण्णांनी हात उचलला आणि बोटाच्या पेरानं टेबलावर टक् करून मारलं. पट्टी मारायचे तसं.

ती दचकली आणि तिनं मान वर केली. पडद्यावर लिहिलं होतं,

'काम होतंय. पण वर बघ.'

संघप्रिया हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. तिनं दोन्ही हातांनी अण्णांचे खांदे धरले. आठ महिने हा माणूस आत होता, जसाच्या तसा, सगळ्या हट्टासकट, आणि तिच्या जुन्या प्रश्नाचं उत्तरही त्यानं सांभाळून ठेवलं होतं.

"काय झालं गं?" आई भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनीच आली. "काय म्हणत्यात?"

संघप्रियानं पडदा तिच्याकडे वळवला. आईनं अक्षर अक्षर लावून वाचलं. मग हात पदराला पुसले, स्टूल ओढून अण्णांच्या शेजारी बसली आणि पडद्याकडे नीट तोंड केलं.

"तिला बोलून झालं असंल तर आता माज्याशी बोला," ती म्हणाली. "आठ म्हैनं एकटीच बडबडाय लागलोय मी."