झोपेत मोजलेला मेंदू

मित्रांनो, मेंदूत डोकावणारा मी एक जुना स्कॅनर. जपानमधल्या एका संशोधनशाळेत माझे आयुष्य गेले. डोपामिन नावाचे रसायन मेंदूत ज्या जागांवर बसते, त्या जागा मी मोजतो. आधी टोचलेले किरणोत्सारी द्रव्य रिकाम्या जागा धरून बसते आणि त्याचे किरण मला दिसतात. औषध दिल्यावर किरण घटले, की समजायचे, डोपामिन वाढले आणि त्याने त्या जागा बळकावल्या.

कोहारू नावाची माकडीण माझ्या गोल कड्यात यायची, गुंगीच्या वायूने गाढ झोपलेली. डोपामिन कमी पडून हात थरथरण्याच्या आजारावरचे नवे औषध तिला टोचले, तेव्हा किरण झपाट्याने ओसरले. आमचे प्रमुख कुराहाशी, सारे त्यांना सेन्सेई म्हणजे गुरुजी म्हणत, त्यांनी माझ्या अंगावर थाप मारली. "शाब्बास रे म्हाताऱ्या!" त्यांच्या थोरल्या भावाला हाच आजार होता. आता हे औषध माणसांना द्यायचे घाटत होते.

पशुवैद्य मिनोवाबाई मात्र अस्वस्थ होत्या.

"सेन्सेई, हा गुण औषधाचाच कशावरून? गुंगीनंही मेंदूचा कारभार बदलतो. जागेपणी मोजू या."

"जागं माकड? झिंज्या उपटेल तुमच्या!"

"उपटू दे. केस काय, पुन्हा येतील."

रताळ्याच्या फोडी भरवत बाईंनी कोहारूला शांत बसायला शिकवले. त्यात महिने गेले. कुराहाशींचा धीर सुटत चालला. कुणी म्हणे, "यंत्र नुसतं पडून आहे, भंगारात काढा."

अखेर कोहारू जागेपणी आत आली. तिचे डोळे भिरभिरत होते. जरा हलली असती, तर सारी मेहनत पाण्यात गेली असती. बाई तिचा पंजा धरून पुटपुटत होत्या, "बस गं बाई, बस." औषध अंगात गेले. मी जीव मुठीत धरून मोजत राहिलो.

किरण जेमतेम घटले.

"पुन्हा मोजा," कुराहाशी म्हणाले. दुसऱ्या माकडांवरही तेच आले. गुंगीच्या जोडीने जे औषध वाघ होते, ते एकटे पडताच मांजर झाले.

"दादाला काय सांगू?"

"हे ते औषध नाही, एवढंच सांगा," बाई म्हणाल्या. "औषध सापडणारच नाही, असं म्हणू नका."

ते स्वतः भावाकडे गेले. परतले तेव्हा डोळे सुजलेले होते, पण ओठांवर हसू होते. "दादा म्हणाला, मला ते उगाच घ्यावं लागलं असतं. त्या माकडिणीला माझा नमस्कार सांग."

मित्रांनो, मी तेव्हाही खोटे बोललो नव्हतो. झोपलेला मेंदू मी झोपलेलाच दाखवला होता. मला पुसता, झाकता, ते करत राहा. पण माझा आकडा उचलण्याआधी एवढे विचारा, ज्या जिवाला मोजले, तो तेव्हा कोणत्या अवस्थेत होता?