अर्धी दाढी

परदेशात मुलाकडे आल्यापासून आबांचं म्हणणं एकच, मला कुठे नेऊ नका. सून म्हणाली संग्रहालय पाहू, मुलगा म्हणाला बागेत जाऊ, आबा म्हणाले गुडघा दुखतो. गुडघा ठणठणीत होता. दुखणं दुसरंच होतं. चाळीस वर्षं चालवलेलं सलून विकायचं की नाही, हे आज संध्याकाळच्या आत मुलाला सांगायचं होतं, कारण तिकडे गावी घेणारा डोक्यावर बसला होता. अकरा महिन्यांपूर्वी आबा ओल्या फरशीवर घसरले आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच गिऱ्हाइकाच्या हनुवटीला वस्तरा लागला. आबांनी तो मिटून पेटीत ठेवला, तो ठेवलाच. दुसऱ्या खुर्चीवर धाकटा भाऊ काम करायचा. तो बिचारा चांगल्या मनाने म्हणाला, "दादा, तू सुरुवात कर, हात भरून आला की पुढचं मी उरकतो." झालं! आबांनी आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला. एका दाढीला एकच हात, हा त्यांचा नियम. सुरू केलेली दाढी दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे त्यांच्या लेखी भर चौकात धोतर सुटण्यापैकी होतं.

असल्या माणसाला घराबाहेर काढायला कंडक्टरच हवा. हा आबांचा बालमित्र. जन्मभर बसमध्ये घंटी वाजवून निवृत्त झाला होता आणि सध्या याच शहरात लेकीकडे मुक्कामाला होता. सकाळी दहालाच तो दारात हजर झाला.

"चपला घाल," तो म्हणाला.

"गुडघा..."

"गुडघ्याला खिडकीजवळची सीट देऊ. पुलापलीकडे एक पेठ आहे म्हणे. आपली माणसं नाहीत आणि इथलीही नाहीत, तिसऱ्याच मुलखातून येऊन राहिलेली. जावई म्हणाला, एकटे जाऊ नका, हरवाल. तेव्हाच ठरवलं, जायचं."

बसमधून उतरेपर्यंत आबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं. पण पहिलं वळण घेतलं आणि त्यांचे पाय जागीच थांबले. तीन आठवडे ते ज्या भागात राहत होते तिथे रस्त्यात कोणी शिंकलं तरी चार घरं दचकावीत, आणि इथे तर नुसता कल्लोळ. दुकानं फुटपाथवर सांडलेली. कापडाचे तागे भिंतीला टेकवून उभे, पोत्यांतून मिरच्या आणि धने, दोरीला टांगलेल्या किटल्या, वरच्या गॅलरीतून खालच्या दुकानदाराला ओरडून काहीतरी सांगणारी बाई, आणि खालून तिला तितक्याच जोरात उलट उत्तर. पाट्यांवरचं अक्षर कळेना, बोलण्यातलं अवाक्षर कळेना. तरी आबांना कित्येक दिवसांत पहिल्यांदा मोकळं मोकळं वाटलं.

"कंडक्टर, हे लोक भांडतायत की बोलतायत?"

"बोलतायत. भांडताना एवढं हसत नाहीत."

मग काय, कंडक्टरच्या अंगात आलं. एका टोपीवाल्याशी त्याने चक्क मराठीत घासाघीस सुरू केली. तो माणूस त्याच्या भाषेत अडून बसला, हा आपल्या. बोटं नाचली, माना हलल्या, कंडक्टर दोनदा निघून गेल्याचं नाटक करून आला आणि शेवटी टोपी डोक्यावर चढली. आबा पोट धरून हसले. गुडघ्याची त्यांना आठवणही राहिली नाही. या गल्लीतून त्या गल्लीत, घड्याळवाल्याकडून चांभाराकडे, दोघं शाळा बुडवल्यासारखे हिंडत होते. आबाच आता पुढे आणि कंडक्टर मागे.

एका कोपऱ्यावर आबांना वास आला. साबणाचा फेस, तुरटी आणि गरम टॉवेल. नाक नेईल तिकडे ते गेले. दोन खुर्च्यांचं दुकान, भिंतभर आरसा, बाकावर पेपर वाचणारी चार माणसं आणि खुर्चीमागे पांढऱ्या भुवयांचा एक म्हातारा न्हावी. त्याने रिकामी खुर्ची झटकली. आबा बसले. दुसऱ्याच्या दुकानात दाढीला आयुष्यात पहिल्यांदाच बसले असतील.

म्हाताऱ्याचा हात बघून आबा मनात म्हणाले, वा. पण वस्तरा कानाखाली आला, तिथले केस उलटे फिरतात, आणि आबांचा डावा हात आपोआप वर गेला. दोन बोटांनी त्यांनी स्वतःच स्वतःची कातडी ताणून धरली, बरोब्बर हवी तेवढी. म्हातारा थांबला. त्याने आरशात पाहिलं, आबांची बोटं पाहिली आणि हसून बाकावरच्या मंडळींना काहीतरी सांगितलं. गिऱ्हाईक असं करत नसतं. असं फक्त धंद्यातला माणूस करतो.

दाढी आटोपल्यावर म्हाताऱ्याने दुसरा वस्तरा पट्ट्यावर घासला आणि त्याची मुठीची बाजू पुढे करून तो आबांसमोर धरला. आबांनी मनगट दाखवलं, नको म्हणून मान हलवली. म्हातारा हात मागे घेईना.

"मी बसतो," कंडक्टर म्हणाला. दोन दिवसांची दाढी वाढलेलीच होती. "मिशीला हात लावलास तर मैत्री संपली."

"लागला तर?"

"लागला तर लागला. माझंच थोबाड आहे."

आबांनी बाह्या सारल्या. वस्तरा हातात घेतला आणि बोटं शिवशिवली. पहिला हात गालावरून सरकला, स्वच्छ. दुसरा. गळ्याशी आले तेव्हा श्वास रोखला, पण हात सरळ उतरला आणि आबांना एकदम रडू आल्यासारखं झालं. येतंय, अजून येतंय. आनंदाने त्यांना ओरडावंसं वाटलं. उजवी बाजू काचेसारखी झाली. डावीकडे वळले आणि मनगटात कळ आली. पातं हलायला लागलं.

आबांनी वस्तरा वर उचलला. अर्धी दाढी फेसात, बाकावरची माणसं बघतायत. लाजेने कान तापले. कंडक्टर डोळे मिटून बसला होता.

म्हाताऱ्याने त्यांच्या हातातून वस्तरा घेतला आणि आबा जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू केलं. एवढंच. भुवईसुद्धा वर गेली नाही. बाकावरचे पुन्हा पेपरात शिरले. दाढी संपवून त्याने कंडक्टरला उठवलं, पुढच्या जाड्या गिऱ्हाइकाला बसवलं, दोन्ही गालांना फेस लावला आणि वस्तरा परत आबांपुढे धरला. मग उजव्या गालाकडे बोट दाखवलं आणि डाव्या गालाकडे दाखवून स्वतःच्या छातीवर थाप मारली.

 धाकट्या भावाचं तोंड आबांच्या डोळ्यांसमोर आलं. तोही हेच म्हणत होता की. मनगट जरा चोळून त्यांनी वस्तरा घेतला.

उजवा गाल निम्मा झाला असेल तेवढ्यात खुंटीवरच्या कोटात आबांचा फोन वाजला. कंडक्टरने उचलला.

"तुझा मुलगा. विचारतोय, काय ठरलं? घेणारा थांबायला तयार नाही."

आबांनी मान वर केली नाही. गिऱ्हाइकाची कातडी ताणलेली होती.

"विकायचं नाही म्हणून सांग. धाकट्याला म्हणावं, डावा गाल तुझा. आणि ठेव तो फोन, गिऱ्हाईक खोळंबलंय."