आजोबांच्या दिव्याचा वास

दगड पेटला आणि बंद खाणीच्या फाटकाशी जमलेल्या गर्दीने एकच जयघोष केला. कोळसेमहाराज म्हणवणाऱ्या बुवांनी टाकाऊ दगडांच्या ढिगातून करडा दगड उचलला, तांब्यातलं पाणी शिंपडलं, मेणबत्ती जवळ नेली आणि दगड भडाभडा जळू लागला. पाण्याने आग विझते हे शेंबडं पोरही सांगेल. इथे ती पाण्यानेच लागली होती!

"कोळसा संपला म्हणे!" महाराज गरजले. "अरे, धरणीमाय कधी संपते का? रुसलीय ती! माझ्या पाण्याने जागी होतेय. खालच्या दगडांचा पुन्हा कोळसा होतोय. ज्याची श्रद्धा असेल त्याने उतरावं आणि पहिला घाव घालावा!"

खाण बंद होऊन वर्ष झालं होतं. कोळसा खरोखरच संपला होता. पण ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या दुसरं काही केलं नाही, त्याला हे पटवणार कोण? टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. तिथे माणसं हवी होती, काम शिकवायचीही तयारी होती. "वाऱ्यावर काय पोट भरतं?" म्हणून सगळे ते हसण्यावारी नेत.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई मागे उभ्या होत्या. त्यांचा थोरला भाऊ त्याच खाणीतला कामगार. तो शेजारी डोळे पुसत होता.

"वास आला का गं? आजोबांच्या दिव्याचा! तेच बोलावताहेत मला."

आला होता, लसणासारखा उग्र. टोपीवरचा दिवा लावून आजोबा कामावर निघायचे तेव्हा घरभर तोच दरवळायचा. बाईंनीही तो वास छातीभर घेतला. मग आठवलं, तो दिवा जळायचा कशावर.

"दादा, इथून हलू नकोस," असं बजावून त्या गर्दीत घुसल्या. ढिगातला एक दगड त्यांनी स्वतः उचलला. "महाराज, याच्यावर ओता."

"देवाची परीक्षा घेतेस?"

"देवाची नाही, पाण्याची."

"ओता की महाराज, होऊन जाऊ दे!" गर्दीतूनच कुणीतरी ओरडलं. महाराजांना ओतावं लागलं. दगड नुसता भिजला, मेणबत्ती मात्र विझली. बाईंनी महाराजांच्या झोळीत हात घालून करडा खडा काढला, मेणबत्ती पुन्हा पेटवली आणि आपल्या बाटलीतलं नळाचं पाणी खड्यावर ओतलं. भक्‌कन जाळ झाला.

"हे कार्बाइड आहे. पाणी लागलं की यातून गॅस सुटतो, तो जळतो. आपल्या आजोबांचे दिवे यावरच चालायचे. महाराजांनी खडे आधीच ढिगात पेरून ठेवले होते. त्या वासालाच तुम्ही वाडवडिलांचा आशीर्वाद समजलात!"

महाराज मागच्या मागे सटकू लागले. बाईंनी वळून पाहिलं. दादाची जागा रिकामी होती.

दोघा सोबत्यांना घेऊन त्याने खाण बंद करताना तोंडाशी घातलेली कच्ची भिंत केव्हाच फोडली होती. वर्षभर कोंडलेल्या बोगद्यात श्वास घेण्याजोगी हवाच उरली नव्हती. मागचे दोघे गुदमरत, धडपडत बाहेर आले. दादा सगळ्यांत पुढे होता. त्याला दोराने ओढून काढावं लागलं. वहिनी धावत आल्या तेव्हा तो थंड पडला होता.

"विश्वास कमी पडला बिचाऱ्याचा," एक म्हातारा हळूच पुटपुटला.

वहिनींनी मान वर केली. "विश्वास होता म्हणूनच गेले ना ते? हवा कमी पडली!"

बाई भावाच्या उशाशी बसल्या होत्या. तिथूनच त्या गर्दीकडे वळून बोलल्या.

"कोळसा व्हायला कोट्यवधी वर्षं लागली. आपण तो जाळून संपवला. कुणाच्या मंत्राने तो परत यायचा नाही. वाऱ्यावर, उन्हावर चालणारं काम शिकावं लागेल; अवघड जाईल, पण शिकू. आणि उद्या दुसरा कुणी दगड पेटवून दाखवायला आला, तर त्याच्या पायाशी वाकण्याआधी तेच पाणी दुसऱ्या दगडावर ओतायला सांगा. एवढं तरी कराल ना?"